वाचकांचे प्रश्न : छंदिष्टाला सापडलेला डायनोसॉर

प्रश्न : या विषयाचे औपचारिक शिक्षण नसलेल्या हौशी जीवाश्मशोधकांमुळे पुराजीवशास्त्रात खरोखर काही भर पडते का?

उत्तर : पडते, आणि कधी कधी मोलाची पडते. १९८३ साली इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या चिकणमातीच्या खाणीत विल्यम वॉकर या प्लंबरला सुमारे ३१ सेंटीमीटर लांबीचे, तुकडे झालेले नख सापडले. घरी ते जुळवताना टोक नसल्याचे लक्षात आल्यावर काही आठवड्यांनी त्यांनी त्याच खाणीतून तेही शोधून आणले. आम्हांला ही चिकाटी मूळ शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. जागा नेमकी ठाऊक असल्यामुळेच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या तज्ज्ञांना तेथे सांगाड्याचा मोठा भाग मिळाला आणि १९८६ मध्ये त्याचे ‘बॅरिओनिक्स वॉकरी’ असे नामकरण झाले. पोटाच्या जागी आढळलेल्या खवल्यांवरून हा मांसाहारी डायनोसॉर मासे खात असल्याचेही कळले.