जळगावकडे जुन्या घराला मागे १२ बाय १५ची खोली वाढवायची आहे. छत पत्र्याचं, कौलाचं की स्लॅबचं?

पैसे जमत असतील तर स्लॅबच टाका. आपल्याकडे छत फक्त पावसासाठी नसतं. मे महिन्यात रात्री झोपायला, कुरडया-पापड वाळवायला गच्ची लागतेच. जुन्या धाब्यांचाही (मातीच्या सपाट छतांचाही) हाच उपयोग होता, शिवाय जाड मातीमुळे खाली गारवा.

पण एक बघा, जुनी भिंत मातीतली असेल तर नव्या स्लॅबचा भार तिच्यावर अजिबात देऊ नका. खोलीला स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया हवा. नवं बांधकाम थोडं बसतं आणि सांध्यात चीर पडते, पाणी तिथूनच उतरतं. त्यामुळे उतार जुन्या घरापासून बाहेरच्या बाजूला काढा, १०० इंचांना निदान १ इंच, आणि सांध्यावर वॉटरप्रूफिंग करून घ्या. मिस्तरी "काही होत नाही" म्हणेल, ऐकू नका.

उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर द्या, नाहीतर दरवर्षी मार्चमध्ये चुना मारा.

बजेट कमी असेल तर पत्रा चालेल, पण खाली फॉल्स सीलिंग हवंच, नाहीतर ४५ अंशांत खोलीची भट्टी होते. पावसाळ्याआधीच्या वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, पत्रे उडतात, म्हणून कडेचे हुक जवळजवळ मारा. वर दगड ठेवून भागवू नका.

कौलं दिसायला छान, पण माकडं असतील तर विसरा.