आधी पाणी की आधी रस्ता? समाविष्ट गावांतील मतदारांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाले आणि 15 जानेवारी 2026 रोजी आम्ही महापालिकेसाठी प्रथमच मतदान करणार आहोत. घरी आलेल्या पत्रकांत ‘आमचे प्राधान्यक्रम’ या मथळ्याखाली पाणी, रस्ते, उद्यान, नाट्यगृह, मेट्रो असे सर्व काही एका दमात लिहिले आहे. आमची सोसायटी मात्र अजून टँकरवरच चालते. यांतला कोणता उमेदवार गांभीर्याने बोलत आहे, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, नऱ्हे

उत्तर : पत्रकात दहा कामे असायला हरकत नाही, परंतु त्यांतले आधी कोणते आणि मागाहून कोणते, हे उमेदवाराला सांगता आले पाहिजे. आपल्यासारख्या गावांत हा क्रम बहुतांशी जमिनीखालीच ठरतो. जलवाहिनी, मलवाहिनी आणि पावसाळी गटार टाकून झाल्यावर रस्त्याचे काँक्रिटीकरण व्हायला हवे. प्रत्यक्षात निवडणुकीच्या तोंडावर दिसणारे काम म्हणून काँक्रीट आधी पडते आणि वर्ष-दोन वर्षांत तोच रस्ता ड्रेनेजसाठी पुन्हा फोडला जातो. ‘गल्ली क्रमांक अमुकचा रस्ता करून देऊ’ असे सांगणाऱ्याला त्या गल्लीखाली मलवाहिनी आहे का, असेल तर ती किती व्यासाची आहे आणि पुढे कोणत्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला जोडलेली आहे, एवढेच विचारून पाहावे. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतील.

पाण्याच्या बाबतीत तर आपल्या भागाची गत ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ अशी आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. नांदेडच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून आसपासच्या गावांना दिले जात होते, हे तेव्हा कुठे उर्वरित शहराच्या ध्यानात आले. म्हणून ‘मुबलक पाणी’ या शब्दांवर समाधान मानू नये. पाणी कोणत्या शुद्धीकरण केंद्रातून येणार, साठवण टाकीसाठी जागा ताब्यात आहे का आणि नसल्यास ती कोणाकडून व कशी घेणार, या तीन गोष्टींवर उमेदवाराला बोलते करावे. टाकीच्या जागेवर अडलेली योजना नगरसेवकाच्या पाठपुराव्याने खरोखर पुढे सरकू शकते, कारण जागामालकाशी आणि भूसंपादन विभागाशी बोलणी करण्यात स्थानिक माणसाचा उपयोग होतो.

आपल्या टँकरच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली, तरी तेथील नियोजनाचे आणि बांधकाम परवानग्यांचे अधिकार पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) देण्यात आले. परवानगी एकाने द्यायची आणि पाणी दुसऱ्याने पुरवायचे, असा हा कारभार होता. अनेक प्रकल्पांना परवानगी देताना ‘महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाणीपुरवठ्याची जबाबदारी आमची’ असे हमीपत्र बांधकाम व्यावसायिकांकडून घेतले गेले. सदनिका घेणाऱ्यांना बहुधा त्याची कल्पनाच नसते आणि टँकरचे बिल मात्र सोसायटीच्या देखभाल खर्चातून जाते. आपल्या इमारतीच्या परवानगीच्या कागदपत्रांत असे हमीपत्र आहे का, ते माहितीच्या अधिकारात मागवावे. असल्यास त्याच्या अंमलबजावणीसाठी आपण काय कराल, हे प्रत्येक उमेदवाराला विचारावे. स्थानिक बांधकाम व्यवसायाशी लागेबांधे असलेल्यांना हा प्रश्न अवघड जाईल, आणि तो विचारण्याचे तेही एक कारण आहे.

आता पैशाकडे येऊ. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, 16 सदस्यांची ही समिती त्यात फेरबदल करते आणि मुख्य सभा त्याला मंजुरी देते. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातील छोटी कामे पुण्यात ‘स’ यादीत येतात. बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या ही याच वाटेने होणारी खरेदी असून नाव रंगवायला ती सोयीची असते. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे वर्गीकरण. मोठ्या प्रकल्पासाठी ठेवलेली रक्कम वर्षभरात खर्ची पडली नाही की ती वळवून प्रभागातल्या किरकोळ कामांना दिली जाते आणि जलवाहिनीचे काम पुढच्या वर्षावर जाते. ‘पाणी व ड्रेनेजच्या निधीचे वर्गीकरण होऊ देणार नाही’ असे लेखी देणारा उमेदवार भेटला, तर माझ्या मते बाकीच्या नऊ आश्वासनांपेक्षा त्या एका ओळीला अधिक वजन द्यावे.

एक अडचण मात्र व्यवस्थेतच आहे. या निवडणुकीत पुण्यात 41 प्रभागांतून 165 सदस्य निवडायचे आहेत, म्हणजे जवळजवळ सर्वत्र एका प्रभागाला चार नगरसेवक असतील. चौघांचे काम ते कोणाचेच नाही, असा अनुभव शहरातील जुन्या प्रभागांनी 2017 नंतर भरपूर घेतला आहे. एकाच पॅनेलमधून उभे असलेल्या चौघांना, पाणी कोण पाहणार आणि कचरा कोण, हे आत्ताच जाहीर करायला लावावे. आपल्या गावांच्या ग्रामपंचायती 2021 मध्ये बरखास्त झाल्या आणि मार्च 2022 पासून या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होते, त्यामुळे इतकी वर्षे तक्रार ऐकायला आपला असा निवडून आलेला एकही माणूस नव्हता. एवढ्या प्रतीक्षेनंतर इतका आग्रह धरणे मुळीच गैर नाही.

प्रश्न : आमच्याकडील उमेदवार नगर रस्त्यावरील कोंडी फोडण्यासाठी उड्डाणपूल बांधण्याचे आश्वासन देत आहेत. ते शक्य आहे का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : महामार्गावरील पूल नगरसेवकाच्या अखत्यारीत येत नाही. त्याने फार तर निवेदन द्यावे. मात्र महामार्गावर न येता गावातल्या गावात ये-जा करता येईल असे समांतर अंतर्गत रस्ते करणे हे महापालिकेचेच काम आहे. हे रस्ते बहुतेक ठिकाणी मधल्या एखाद्या प्लॉटच्या भूसंपादनावर अडतात. जागामालकाला टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, इतरत्र वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) हवा असतो की रोख मोबदला, यावर गाडे रुतलेले असते. तेव्हा असा एक तरी रस्ता नकाशावर बोटाने दाखवण्यास उमेदवारांना सांगावे.

प्रश्न : मिळकतकर माफ करू, असे आश्वासन कोणी दिल्यास विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, मांजरी बुद्रुक

उत्तर : ठेवू नये. समाविष्ट गावांत कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद कायद्यातच आहे आणि सरसकट माफीचा निर्णय एकट्या महापालिकेच्या हातात नाही. सुविधांआधी कराची बिले आल्याचा राग रास्त आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे महापालिकेतून बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली, त्यामागे हाही राग होताच. गावातून गोळा झालेल्या करापैकी किती रक्कम गावात खर्च झाली, याचा हिशेब दरवर्षी प्रभाग समितीत मांडायला लावीन, असे म्हणणारा उमेदवार निदान आपल्या अधिकारातले बोलत आहे.

प्रश्न : चारपैकी एकाच उमेदवाराला मत देऊन निघून गेले तर चालते का?
— एक वाचक, किरकटवाडी

उत्तर : नाही. प्रभागातील प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यावे लागते. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल, तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण दाबावे.