शाळेत नाताळ आहे, मुलीला पाठवू का नको?

डिसेंबरची दहा-बारा तारीख उलटली की मला ठरलेले फोन यायला लागतात, बहुतेक आयांचेच. "मॅडम, शाळेत ख्रिसमसचा प्रोग्राम आहे, पोरीला घेतलंय, पाठवू का नको? पाठवलं तर घरात वाद, नाही पाठवलं तर ती रडणार." मी समुपदेशक, मिरजेची, प्रॅक्टिस सांगलीत, स्वतः मुस्लिम आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे जरा जास्तच येतो. आणि मिरजेत १८९४ पासून वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल, त्याच्या आसपास नर्स, टीचर, कंपाउंडर असलेल्यांची मराठी ख्रिश्चन घरं, म्हणजे आपल्याकडे नाताळ टीव्हीतून आलेला नाहीच, तो भिंतीपलीकडच्या घरातला सण आहे. म्हणूनच तो नुसता टाळताही येत नाही.

एका घरची गोष्ट सांगते. त्यांना विचारलंय, आणि ओळखू येणार नाही इतपत तपशील बदललेत.

मुलगी चौथीतली. पंधरा दिवस रोज सकाळी पोटात दुखायचं, शाळेची रिक्षा दारात आली की उलटीसारखं व्हायचं, रविवारी मात्र ठणठणीत. मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही, मग त्यांनीच अम्मीला म्हणलं की एकदा समुपदेशकाला भेटा. पहिल्या दिवशी पोरगी काही बोलली नाही, नुसती चित्रं काढत बसली. दुसऱ्या वेळी खडू खाली ठेवून हळूच म्हणाली, "मी मरियम झालेय, पण अब्बाला सांगू नका."

झालं असं होतं की वर्गाच्या येशूजन्माच्या नाटकात टीचरनी तिला येशूच्या आईचं, मरियमचं काम दिलं. पोरगी शांत, न हलता उभी राहते, आवाज गोड, टीचरनी अगदी कौतुकानं निवडलेलं. अम्मी खूश, तिनं निळी ओढणी शिवून आणली. अब्बांनी विचारलं ही कशाला, तर अम्मी म्हणाली गॅदरिंगला. पोरगी तिथंच उभी होती. त्यानंतर दोन दिवसांनी जेवताना अब्बांच्या मोबाईलवर कुठल्यातरी मौलानांचा व्हिडिओ चालू होता, त्यात गुनाह, म्हणजे पाप, हा शब्द तिनं ऐकला आणि तो तिच्या मनात रुतून बसला. म्हणजे बघा, नऊ वर्षांचं लेकरू, त्याच्याकडे अम्मीचं खोटं सांभाळायला दिलेलं, रात्री अल्लाहची भीती, सकाळी नाही म्हणलं तर टीचर रागावतील ही भीती, आणि ज्या अब्बांना सगळं सांगायची सवय त्यांनाच सांगायचं नाही. पोट दुखणार नाही तर काय.

इथं माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगायलाच पाहिजे. अब्बांना बोलावलं आणि मी पटकन बोलून गेले, "अहो लहान मुलांचं नाटक आहे, एवढं काय मनावर घेता, मरियम तर आपलीच की." ते "हो का" म्हणाले आणि पुढच्या शनिवारी आलेच नाहीत. मला दोन दिवस रुखरुख लागली. त्यांच्या मनातली गोष्ट छोटी नव्हती, मी ती छोटी करून टाकली होती. नाटकात शेवटी सगळे गव्हाणीतल्या बाळापुढं देवाचा पुत्र म्हणून गुडघे टेकतात, आणि नेमकं तिथंच तर दोन धर्म वेगळे होतात. आपल्याकडे ईसा अलैहिस्सलाम, म्हणजे येशू, फार मोठे नबी, म्हणजे पैगंबर, पण नबीच, आणि तौहीद म्हणजे एकट्या अल्लाहला मानणं हा पायाच आहे. शिवाय नबींचं, बीबी मरियमचं सोंग घेणं कित्येक घरांत बेअदबी, म्हणजे अनादर वाटते. नुसतं मेरी ख्रिसमस म्हणावं का यावरही उलेमांमध्ये, म्हणजे धर्माच्या जाणकारांत दोन्ही मतं आहेत, आणि ती दोन्ही मतं मानणारी घरं माझ्यासमोर बसतात. मी धर्माचा निर्णय देणारी मुफ्ती नाही, हे ठरवणं माझं काम नाही. मी फोन केला, सरळ माफी मागितली, म्हणलं तुम्ही या, यावेळी मी ऐकते.

ते आले, सोबत त्यांची आई पण. अब्बा तंबोरे बनवायच्या कामात आहेत, मिरजेत हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं. बराच वेळ गप्प होते, मग एकदम म्हणाले, "मॅडम, भोपळा पंढरपूरकडनं येतो, आम्ही तो वाळवतो, कापतो, दांडी बसवतो, जवारी लावून देतो. तो तंबोरा कुठं देवळात जातो, कुठं भजनाला. गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून अभंग म्हणतं, मी सूर मिळवून देतो, मला बरं वाटतं ऐकायला. पण मी म्हणत नाही. आणि आजवर कुणी मला म्हणायला लावलं पण नाही."

मी म्हणलं, मग या नाटकात तुमच्या लेकीला असं तंबोऱ्याचं काम कुठलं देता येईल?

ते विचारात पडले. तेवढ्यात दादी बोलल्या, त्या दखनीतच बोलतात, "बच्ची कू डराने का नै. किस्सा तो मैंच सुनाई उसकू." आणि मग खरी गोष्ट कळली. दादी रोज झोपताना नातीला गोष्ट सांगायच्या, बीबी मरियम एकट्या, खजुराच्या झाडाखाली कळा सोसतायत, पायाशी झरा, बुंधा हलवला की ताजे खजूर पडतात, आणि मग पाळण्यातलं बाळ बोलायला लागतं. कुरआनमधली १९वी सूरह, म्हणजे अध्याय, बीबी मरियमच्याच नावाची आहे, सबंध कुरआनमध्ये नावानं उल्लेख आलेली बाई ही एकच. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे गेले तेव्हा तिथल्या ख्रिश्चन राजासमोर, नजाशीसमोर, पैगंबरांचे सोबती जाफर यांनी हीच सूरह म्हणून दाखवली आणि राजाला रडू आलं, त्यानं त्यांना आसरा दिला, ते पण दादी सांगायच्या. टीचरनी मरियम कोण होणार विचारल्यावर या पोरीनं हात वर केला तो या गोष्टीमुळं! तिला वाटलं दादीची मरियम आणि शाळेतली मरियम एकच. ते प्रेम घरातनंच आलेलं होतं, आणि घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या भेटीत चौघंही होते. अब्बांनी लेकीला जवळ घेऊन सांगितलं, मी तुझ्यावर रागावलो नाही, टीचरवर पण नाही, बीबी मरियम आपल्याला फार मोठ्या आहेत म्हणून आपण त्यांचं सोंग घेत नाही, टीचरच्या घरी वेगळी रीत आहे, ती त्यांची. मग अम्मी म्हणाली, मी अब्बांशी खोटं बोलले ते चुकलं, ते तुला सांभाळायला लागलं. हे बोलायला तिला किती जड गेलं ते मी बघत होते. पोरगी ढसाढसा रडली, आणि त्या आठवड्यात दोनच दिवस पोट दुखलं.

शाळेत जायची अम्मीला फार धाकधूक होती, की आता पोरीवर डूख धरतील, आपल्याला कट्टर समजतील. टीचर म्हणाल्या, "अहो ताई, आधी सांगायचं नाही का, मला वाटलं तिला आवडतंय." त्यांनी निवेदन दिलं तिला, वाळवंटाचं, ताऱ्याचं, मेंढपाळांचं, आणि देवाचा पुत्र ही ओळ होती ती दुसऱ्या मुलीकडे गेली. सगळं गोड झालं असं नाही. मरियमचं काम गेल्याचं तिला वाईट वाटलंच. निळी ओढणी नव्या मरियमला दे असं कुणीतरी सुचवलं, ती देईना, मी म्हणलं नको देऊ, तुझी आहे. अब्बा प्रोग्रामला आले नाहीत, दादी आल्या.

मी आता सगळ्या घरांना हेच सांगते की हे बोलणं दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच करा, तेवीस तारखेच्या रात्री नको. आईबापांनी आधी आपसात बोला, मुलाला मध्ये निरोप्या करू नका, आणि खोटं तर अजिबात सांभाळायला देऊ नका. तुमच्या घरची रेघ कुठं आहे ते तुम्ही ठरवा, कुणाचं घर स्टार कंदील बनवण्यापर्यंत जाईल, कुणाचं कॅरोलला थांबेल, कुणाचं आधीच, पण शाळेला सांगताना मूल काय करणार नाही एवढंच सांगू नका, काय करू शकेल ते पण सांगा, टीचरला पण सोपं जातं. आणि मुलाला त्याच्या तोंडात बसेल असं एक वाक्य द्या. या पोरीनं स्वतः बनवलं, "आमच्यात ईसा नबी आहेत, आम्ही वाढदिवस करत नाही, पण तुझ्या सणाला तू खूश राहा." केकचं तर सोपं आहे, प्लम केकमध्ये बरेचदा रम असते, मार्शमेलोत जिलेटिन, बेकरीवाल्याला विचारायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. सांता चौथ्या शतकातल्या मायराच्या बिशप निकोलसवरून आला, मायरा म्हणजे आजचं तुर्कस्तान, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा, पण सांता खोटा आहे असं वर्गात ओरडायला लावू नका, दुसऱ्याच्या लेकराचा आनंद आपण कशाला मोडायचा.

आणि शेजाऱ्यांच्या सणाबद्दल घरात तुच्छतेनं बोलू नका, मुलं सूर बरोबर पकडतात. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही त्यांच्याशी भलाईनं वागायला अल्लाह मना करत नाही, हे सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत आहे, ही आयत मला माझ्या अम्मीनं शिकवली. २००० साली रमजान डिसेंबरात होता आणि ईद नाताळानंतर दोन-तीन दिवसांत आली. शेजारच्या सिस्टर मावशींनी २५ तारखेला करंज्या, शंकरपाळ्यांचा डबा पाठवला, आमचे रोजे, अम्मीनं तो मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत झाकून ठेवला आणि इफ्तारला उघडला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून तो ईदला शीरखुर्मा भरून गेला. नाताळाच्या उपासनेला आम्ही कधी गेलो नाही, मावशी पण कधी या म्हणाल्या नाहीत, आणि त्यात कुणाला काही कमी वाटलं नाही.

त्या घरचा यंदा नोव्हेंबरातच फोन आला. धाकटा पहिलीत गेलाय, त्याला सांताक्लॉज करायचं म्हणतायत. अम्मीला वाटतं काय हरकत आहे, अब्बांना पटत नाही, पण यावेळी अब्बांनीच आधी पोराला जवळ बसवून विचारलं म्हणे, तुला काय वाटतं. तो म्हणाला मला सांता नको, रेनडिअर व्हायचंय. त्यावर अजून एकमत नाही, शनिवारी येतायत.