सेकंड मेट: साइट्सची गणितं आणि छापील फॉर्म

सेकंड मेटच्या, म्हणजे जहाजावरच्या नेव्हिगेशन अधिकाऱ्याच्या परीक्षेत साइट्स येतात: सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने सूर्य-ताऱ्यांची उंची घेऊन जहाजाची जागा काढायची. त्या गणितांबद्दलचं ‘फॉर्ममध्ये आकडे भरले की उत्तर येतं, प्रश्न जरा फिरवला की काहीच सुचत नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमचा क्लास डोळ्यांसमोर आला. नाव घेत नाही.

अल्मनॅक (सूर्य-ताऱ्यांच्या जागांचं पंचांग), इंडेक्स एरर (सेक्स्टंटची स्वतःची चूक) वगैरे तुम्हाला येत असणारच. दुखणं मेरिडियन पॅसेजच्या, म्हणजे भर दुपारी सूर्य सर्वात उंच असताना लॅटिट्यूड (अक्षांश) काढायच्या फॉर्ममध्ये आहे. त्यात डेक्लिनेशन (सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला-दक्षिणेला) आणि झेनिथ डिस्टन्स (सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश दूर) यांचा हिशोब असतो. आमच्या फॉर्मवर ठोकळेबाज नियम छापलेला होता: लॅटिट्यूड-डेक्लिनेशन एकाच नावाचे (दोन्ही उत्तर किंवा दोन्ही दक्षिण) तर या दोन आकड्यांची बेरीज, नाहीतर वजाबाकी. आता जूनमधली मुंबई घ्या. शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यालाच उलटलेला, म्हणजे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला. २१ जूनला डेक्लिनेशन साधारण २३.४ अंश उत्तर, झेनिथ डिस्टन्स साडेचार अंश. वजा केले तर १८.९, मुंबई. फॉर्मप्रमाणे बेरीज केली तर २७.९, म्हणजे जहाज बिकानेरच्या अक्षांशावर! हे सरांना विचारलं तर म्हणाले, ‘असं येत नाही परीक्षेत.’ आलं. बॅचमधल्या बऱ्याच जणांची फी पुन्हा, मुंबईतलं भाडं पुन्हा, जॉइनिंग लांबलं ते वेगळंच. क्लासने साधं ‘चुकलं’ म्हटलं नाही. सेक्स्टंट तर काचेच्या कपाटात कुलपाबंद असायचा, पाहुणे आले की दाखवायला.

म्हणून माझं मत: फॉर्म बाजूला ठेवा, आकृती काढा. अर्धवर्तुळ, टोकांना एन (उत्तर) आणि एस (दक्षिण), माथ्यावर झेड, म्हणजे झेनिथ, डोक्यावरचा बिंदू. क्यू विषुववृत्त, एक्स सूर्य. झेड-क्यू लॅटिट्यूड, क्यू-एक्स डेक्लिनेशन, झेड-एक्स झेनिथ डिस्टन्स. एक्स झेडच्या उत्तरेला गेला की वजाबाकी करायची हे समोरच दिसतं. ऑरललाही (तोंडी परीक्षेलाही) हीच आकृती तारते.

जहाजावर असाल तर आधी साइट पूर्ण सोडवा, जीपीएस नंतर बघा. उलट केलं की हात आपोआप उत्तराकडे वळतो. वेळ घेताना जपा, ४ सेकंदांची चूक म्हणजे लाँगिट्यूडमध्ये (रेखांशात) १ मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. ताऱ्यांसाठी अल्टिट्यूड (उंची) आणि अझिमथ (दिशा) आधीच काढा, अल्टिट्यूड सेक्स्टंटवर लावून ठेवा आणि अझिमथच्या दिशेला बघा. आपल्या अक्षांशात संधिप्रकाश झटकन सरतो, तेव्हा आकाशात तारा हुडकत बसायला वेळ नसतो.

मी परीक्षक नाही आणि माझी परीक्षा होऊन बराच काळ लोटलाय. पेपरचं स्वरूप डीजी शिपिंगच्या (जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) ताज्या परिपत्रकांतच बघा, माझ्यावर विसंबू नका. नॉरीज टेबल्स (नेव्हिगेशनच्या गणितांची कोष्टकं) मात्र खुशाल सेकंडहँड घ्या, फक्त मधली पानं सुटलेली नाहीत ना, ते दुकानातच चाळून घ्या.