खापरपणजोबांच्या काळातल्या मोडी कागदांवरून त्यांच्याविषयी काय कळू शकतं?

ट्रंकेत मोडीतले सात-आठ कागद सापडलेत, त्यातून खापरपणजोबांचा पत्ता लागेल का, असं तुम्ही विचारलंय. लागतो. फक्त घरात ऐकलेल्या गोष्टींशी तो जुळेलच असं धरून चालू नका.

आमच्याकडे तीन पिढ्या एकच सांगणं होतं : खापरपणजोबांची तीन गावांची पाटिलकी, दारात घोडा. मग माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक रोखा, म्हणजे कर्जाचा कागद, निघाला. मला मोडीचं अक्षर लागत नव्हतं, म्हणून एका जाणकारांकडे नेला. त्यांनी आधी कागदाचा शेवट पाहिला नि हसले. खाली ‘निशाणी नांगर’ असं लिहून शेजारी बोटभर नांगर काढलेला, आणि ‘बिकलम’ म्हणून लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांचं नाव. म्हणजे आमच्या पाटलांना सही येत नव्हती! शेतकरी सहीऐवजी नांगर काढायचा, त्यात कमीपणा काही नाही, पण घोडा मात्र त्या दिवसापासून आमच्या गप्पांतून गेला.

तारीख होती शके १७९८, धातानाम संवत्सर, मार्गशीर्ष. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९), म्हणजे १८७६ ची अखेर. आकडा पुसट असेल तर संवत्सराच्या नावावरून ताळा घ्या, तेच नाव पुन्हा यायला साठ वर्षं लागतात. त्या साली दख्खनेत पाऊस गेला होता, मोठा दुष्काळ सुरू झाला होता. रोख्यात साठ रुपयांना शेत गहाण टाकलेलं. गंमत अशी, की आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून चार-पाच कोसांवर. तिथेच १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे नि खातेवह्या पेटवल्या होत्या. दीड वर्षात आमचा माणूस पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर. त्या एका कागदानं मला त्यांच्याबद्दल जेवढं सांगितलं तेवढं पुढे कशानंच नाही.

एका ठिकाणी मात्र मी सपशेल फसलो. आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे एकाच नावाचे दोन पुरुष दोन वर्षं मी एकच समजत होतो, आणि त्या हिशेबानं आमचे पूर्वज शंभरी ओलांडून शेत नांगरत होते. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, ‘अमुक बिन तमुक’ यातला ‘बिन’च्या पुढचा बाप बघा. आडनावाचाही भरवसा नाही, आमचं आजचं आडनाव जुन्या कागदांत कुठेच नाही.

सरकारी कागदांत तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार (जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी), कडई पत्रक (जुनं महसुली पत्रक) आणि जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, मागा. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे शब्द आता सगळ्यांना पाठ झालेत. काही तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइनही टाकलेत. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव नि मुलांची नावं एकत्र सापडतात, तिथून एक पिढी मागे जाता येतं.

बायका मात्र या कागदांत जवळपास नसतातच. त्यासाठी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यांकडे जा. गाव नि आडनाव सांगितलं की ते घराण्याच्या वंशावळीची वही काढतात. पिंडदानाला आई, आजी, पणजीची नावं घ्यावी लागतात, त्यामुळे काही वह्यांत तीही उतरलेली असतात. माझ्या खापरपणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नाशिकच्या वहीत ते दिसलं, खापरपणजोबांच्या नावाच्या खालीच, शाई थोडी फुटलेली.

आणि हो, कागद फाटलेले असतील तर त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आधी उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग मोडीवाल्याकडे जा.