वॉर्डमध्ये किती तास?

प्रिय बाळा,

तू पाठवलेली नर्सिंगच्या चार कॉलेजांची यादी काल रात्री नीट वाचली. फी, होस्टेल, अंतर, नोकरीची शक्यता, सगळं मनापासून लिहिलंयस. पण रुग्णाजवळ किती तास काम करायला मिळणार, हा रकानाच त्यात नाही. माझ्या मते तोच पहिला हवा.

युरोपीय संघाच्या नियमानुसार नर्सचं शिक्षण किमान तीन वर्षांचं आणि ४६०० तासांचं असावं लागतं, आणि त्यातले निदान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. तू तिकडे जा किंवा नको जाऊस, मोजायला हा आकडा हाताशी ठेव. मग प्रत्येक कॉलेजला विचार: क्लिनिकलचे, म्हणजे रुग्णाजवळच्या कामाचे, तास किती, कोणत्या वॉर्डांत, आणि एका शिक्षिकेमागे विद्यार्थी किती? मी शिकत होते तेव्हा आम्ही चौदाजणी एकाच बाईंच्या मागे घोळक्याने उभ्या असायचो. त्या सलाईन लावायच्या आणि मला दिसायची फक्त पुढच्या मुलीची वेणी. शीर बोटाखाली कशी लागते ते मला नोकरीत, रात्रपाळीला कळलं. तेव्हा विचारायला शेजारी कोणी नव्हतं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

सिम्युलेशन लॅबला, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर सराव करायच्या खोलीला, मात्र कमी लेखू नकोस. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात निम्मे क्लिनिकल तास उत्तम सिम्युलेशनमध्ये घालवलेले विद्यार्थीही मागे पडले नव्हते. फक्त तिथे चूक झाल्यावर थांबवून समजावणारं माणूस आहे का, ते बघून ये.

डिप्लोमा की डिग्री, असं विचारलंस. झेपत असेल तर डिग्रीच कर. नऊ युरोपीय देशांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास झाला होता. त्यात पदवीधर नर्सेसचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढलं, तशी मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. झेपत नसेल तर डिप्लोमानंतर पुढे पदवी करता येते का, ते आधीच विचारून घे. आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता कौन्सिलकडूनच तपास, कॉलेजच्या शब्दावर जाऊ नकोस. मान्यता नसेल तर नोंदणी अडते आणि सगळी वर्षं वाया जातात.

प्रवेशाच्या अटी ओळ न ओळ वाच. काही ठिकाणी एकूण टक्के बघतात, काही ठिकाणी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे गुण वेगळे धरतात. तुझं रसायनशास्त्र कच्चं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. मुलाखत असेल तर ‘मला सेवा करायचीय’ एवढ्यावर थांबू नकोस. आजीचं पथ्य आणि गोळ्यांच्या वेळा तू वर्षभर सांभाळल्यास, ते सांग.

लसींचं बहुतेकजण शेवटी बघतात. हेपटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या नोंदीशिवाय वॉर्डमध्ये पाय ठेवू देत नाहीत. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईकडे माग. त्यात नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात पहिला डोस घे आणि मला तारीख कळव.

तुझी,
मावशी