हार्डवेअर कंपन्यांनी लिनक्ससाठी मुक्तस्रोत ड्रायव्हर द्यावेत म्हणून आपण काय करू शकतो?

सह्यांच्या मोहिमा सोडा. कंपनी सह्या मोजत नाही, ऑर्डरी मोजते. एकटे असाल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला "लिनक्सचा खुला ड्रायव्हर आहे का?" असं विचारा, संस्थेत असाल तर कोटेशनच्या पत्रातच तशी अट घाला. उत्तर एवढंच, पण यावरून मी आमच्या खजिनदारांशी इतकं भांडलोय की इथे थांबवत नाही.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात देणगीत आलेली जुनी मशीनं होती. त्यांवर मी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली सिस्टिम, टाकलं, पोरं मजेत शिकत होती. खजिनदारांनी कुणाला न विचारता एक स्वस्त लेझर प्रिंटर आणला. खोक्यावर लिनक्सचं नाव होतं आणि ते खोटंही नव्हतं. कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर (सिस्टिमला यंत्राशी बोलायला लावणारा प्रोग्राम) होता, फक्त आयता कंपाइल केलेला, जुन्या 32 बिटच्या सिस्टिमचा, आणि ज्यात दुरुस्ती करता येते त्या सोर्स कोडचा पत्ता नाही. असल्या प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं. पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत. पानाचा ठिपका न् ठिपका संगणकाने तयार करून कंपनीच्या खासगी भाषेत पाठवायचा. ती भाषा बोलणारी फाइल चालेनाशी झाली की प्रिंटर म्हणजे दगड.

64 बिटची सिस्टिम टाकल्यावर, ऐन निकालाच्या आठवड्यात, तेच झालं. केबल ठीक, यूएसबीच्या यादीत प्रिंटर दिसतोय, कप्सच्या (लिनक्सच्या छपाई यंत्रणेच्या) रांगेत प्रगतिपुस्तकं उभी, आणि हिरवा दिवा ढिम्म. हेल्पलाइनचं उत्तर: "सर, विंडोजमध्ये चेक करा." खजिनदार भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, तुमच्या लिनक्सने घात केला." अहो, त्याच सिस्टिमवर एक म्हातारा स्कॅनर निमूट चालत होता! त्याच्या कंपनीने त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं, पण ड्रायव्हर सेन या स्कॅनरच्या मुक्तस्रोत प्रकल्पात खुला होता, म्हणून कुणीतरी तो सांभाळत होतं. मेनलाइन कर्नेलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत गाभ्यातल्या, ड्रायव्हरचंही तसंच: आतली रचना जो बदलतो, त्यानेच त्या बदलाने मोडणारे ड्रायव्हरही नीट करून द्यायचे असतात. बंद फाइलला असा वाली नसतो.

"ड्रायव्हर लिहायचा खर्च परवडत नाही" हे कंपन्यांचं रडगाणं मला ऐकवू नका. कर्नेलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 2007 मध्येच जाहीर केलं होतं की चिपची माहिती तेवढी द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. गुप्ततेचा करार हवा असेल तर तोही करू. चिप बनवणाऱ्या एएमडीने त्याच वर्षी ग्राफिक्स चिपांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2012 मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपवाल्या कंपनीला मधलं बोट दाखवलं, टाळ्या पडल्या, आणि एनव्हिडियाने कर्नेल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये चालणारा भाग) खुले केले ते थेट 2022 मध्ये. माझ्या मते ते बोटाने झालं नाही, डेटा सेंटरवाल्या बड्या गिऱ्हाइकांनी झालं.

पुढच्या खरेदीला मी हट्टाने पत्रात घालायला लावलं: "प्रिंटर लिनक्सवर, कंपनीचा वेगळा ड्रायव्हर न टाकता, चालला पाहिजे. आमच्या मशीनवर पान काढून दाखवल्यावर बिल मंजूर होईल." काही दुकानदार फिरकलेच नाहीत. एकाने मात्र आमच्या कक्षात उभं राहून वितरकाला फोन लावला आणि "साहेब, लिनक्सवाला कोणता आहे आपल्याकडे?" असं विचारलं. हा प्रश्न वितरकाकडून कंपनीपर्यंत जायला हवा. एका शाळेने काय होणार म्हणा, पण जिल्हा परिषदा, विद्यापीठं, सहकारी बँका यांच्या निविदांत हे वाक्य आलं तर विक्री विभागाची झोप उडेल.

हां, एक सांगायचं राहिलं. ड्रायव्हर खुला म्हणजे सगळं खुलं असं नाही. वायफायच्या, ग्राफिक्सच्या चिपांना बहुधा बंद फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागतंच, आणि एनव्हिडियाच्या चिपवर गणनेचे प्रोग्राम चालवणारा कुडासारखा वरचा थर अजून बंद आहे. प्रिंटरपुरतं म्हणाल तर हल्ली एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापायच्या सामाईक पद्धती) लिहिलेला घेतला की सहसा ड्रायव्हरची भानगडच येत नाही. खजिनदारांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तेव्हाच नीट बघून घ्यायला सांगायचं होतंत." तेव्हा मला विचारलं होतं कुणी?